थोरली विरुद्ध धाकटी: एक निःपक्षपाती तुलना

१ फेब्रुवारी, रविवार

नवी मोटरसायकल आली. स्पोर्ट्स टूरिंग. म्हणजे स्पोर्टही आणि टूरिंगही, एका तिकिटात दोन खेळ. लाल रंग असा की शेजारचे वकील गॅलरीतून दोनदा डोकावले.

जुनी लगेच विकणार नाही. महिन्याच्या शेवटी आमच्या रविवारच्या ग्रुपची वार्षिक टूर आहे. दरवर्षी सगळ्यात पुढे मी असतो आणि सौ. माझ्या मागच्या सीटवर. यंदा पुढे असणार नव्या गाडीवर. त्याआधी दोन्ही गाड्यांची रीतसर तुलना लिहून ग्रुपवर टाकायची. इतर लोक टाकतात तशी ‘वा, मस्त, मख्खन’ छाप नाही. पंपाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल करण्यात उमर गेली आहे. माल पास की रिजेक्ट, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो.

सोयीसाठी नावं दिली. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी. सौ. म्हणाली, घरात आधीच एक असताना आणखी दोन कशाला. विनोद बरा होता. हसलो.

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

पद्धत ठरली. कारखान्यात आमच्याकडे मास्टर पीस असतो. एक बिनचूक नग काचेच्या कपाटात ठेवायचा आणि बाकी सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा.

थोरली हा माझा मास्टर पीस. कव्हर घातलं. टूरपर्यंत कोणी चालवायची नाही, मीसुद्धा नाही. फक्त दर रविवारी कव्हर काढून, सुरू करून, आवाज ऐकून नोंद करायची. सौ.ला बजावून सांगितलं. तिने मान हलवली. होकारार्थी असावी.

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीवरून कारखान्यात. अप्रतिम! पाऊस, शहर, टूर, स्पोर्ट असे चार मोड. स्क्रीनवर टायरमधली हवासुद्धा दिसते. गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. (मी ओळखू आलो नाही म्हणून, असं नंतर कळलं.)

हँडल जरा खाली आहे, त्यामुळे पुढे वाकून बसावं लागतं. रुबाबदार दिसतं. मनगटं किंचित दुखली. टायपिंग फार झालंय हल्ली.

८ फेब्रुवारी, रविवार

मागच्या सीटला दहापैकी गुण द्यायचे, म्हणून सौ.ला धाकटीवर बसवून फेरी मारली. पहिल्याच सिग्नलला तिने विचारलं की सीट कुठे आहे. म्हटलं, बसली आहेस तीच. ती म्हणाली, ही सीट नाही, फळी आहे, आणि तीही उतरती. प्रत्येक ब्रेकला माझ्या पाठीवर येऊन आदळत होती. परत येताना टॅक्सीने आली.

मागची सीट: सात गुण. सौ.ची तक्रार वैयक्तिक आकसातून आल्यासारखी वाटली, म्हणून धरली नाही.

थोरलीची नोंद: पहिल्या बटणाला सुरू! आठवडाभर नुसती उभी, तरी. याला म्हणतात निष्ठा. माणसांत कुठे राहिली आहे हल्ली? आरसे मात्र खाली झुकलेत. वयानं स्क्रू ढिले झाले असणार. वर करून ठेवले.

१५ फेब्रुवारी, रविवार

थोरलीची नोंद: पुन्हा पहिल्या बटणाला. आरसे पुन्हा खाली. चेनला ताजं तेल. टाकी गेल्या रविवारी अर्धी होती, आज भरलेली. काटा बिघडला.

पण एकूण पाहता गाडी उभ्या-उभ्या सुधारते आहे! विश्रांतीचा यंत्रावर होणारा परिणाम, या विषयावर कारखान्यात प्रेझेंटेशन द्यावं का? साहेब नाही म्हणतील, कारण सुचलं मला आहे.

आमच्या मेकॅनिकला, म्हणजे मिस्त्रीला, फोन लावला. तेलाबद्दल विचारलं तर तो बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, वहिनींना विचारा. वहिनींचा काय संबंध? सर्दी डोक्यात गेलेली दिसते त्याच्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज टेस्टिंगच्या वेळी पंपाचा व्हॉल्व्ह फिरेना. असिस्टंटने एका हाताने फिरवला. आदल्या पाळीत कुणीतरी घट्ट करून ठेवला असणार. सकाळी टूथपेस्टचं झाकण सौ.नं उघडून दिलं. तेही घट्टच होतं.

धाकटीने शरीराला शिस्त लावायला घेतली आहे. सुरुवातीला त्रास व्हायचाच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तुलना ग्रुपवर टाकली. पाच पानं. शेवटचा निष्कर्ष मला स्वतःला फार आवडला: ‘थोरली: संथ, थकलेली. ज्यांना आयुष्यात आणखी काही नको, त्यांच्यासाठी ठीक. धाकटी: ज्यांच्यात अजून दम आहे त्यांच्यासाठी.’

ग्रुपमधल्या डॉक्टरांचा अंगठा आला. (जनावरांचे डॉक्टर आहेत, पण टूरमध्ये आम्हीही त्यांच्याकडेच जातो.) बाकी कोणी वाचलेलं दिसत नाही. सौ. पण ग्रुपवर आहे हे विसरलो होतो. तिने भांडी जरा जोरात लावली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घात झाला.

मनगटांमुळे दुपारीच कारखान्यातून निघालो. सिग्नलला उभा होतो आणि समोरून थोरली आली. माझी थोरली! भर दुपारी, भर रस्त्यात. चोर, चोर म्हणून ओरडलो. चोराने गाडी शिस्तीत बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, आणि हेल्मेटची काच वर केली. सौ.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, दुपारी मोकळी होते. म्हणाली की एक दिवसाआड चक्कर मारते, नाहीतर बॅटरी उतरली असती. विचारलं, कधीपासून. म्हणाली, गेल्या वर्षी तुम्ही पाठ धरून महिनाभर पडला होतात तेव्हापासून. आणि लायसन्स? ते म्हणे लग्नाआधीचं आहे. मी कधी विचारलंच नाही म्हणे. आता हे काय विचारायचं असतं?

मास्टर पीस! कपाट उघडून मास्टर पीस वापरला. सगळ्या नोंदी मातीत गेल्या.

मिस्त्रीला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं. वकील तर गॅलरीतून तिला दर वेळी हात करतात. सौ.चं एक वेळ समजू शकतो, पण थोरली? मी इतका जीव लावला, पावसात माझा रेनकोट काढून हिच्या सीटवर घातला, आणि ही तिच्या बोटालासुद्धा पहिल्याच बटणाला सुरू होते? कुणाच्याही?

मला फार म्हणजे फार वाईट वाटलं. सौ.बरोबर जेवलो नाही. नंतर जेवलो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

संकल्प: टूर झाली की थोरली विकायची. भावनेत वाहून जायचं नाही.

सौ.ने जाहीर केलं की ती टूरला येणार, पण फळीवर नाही, थोरलीवर. ग्रुपला विचारलं, तर सगळ्यांनी आनंदाने हो म्हटलं. इतकं आनंदाने म्हणायची गरज नव्हती.

ठीक आहे. वेगच असा ठेवणार की थोरली आरशात दिसणार नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत तिचं तिलाच कळेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार, पहिला थांबा

सगळ्यात पुढे होतो. स्पोर्ट मोड. थोरली खरोखरच आरशातून दिसेनाशी झाली. पाठोपाठ माझी बोटं जाणवेनाशी झाली.

या हॉटेलपाशी आलो तेव्हा क्लच दाबला जाईना. मग थांबलोच आहोत तर इथेच थांबू, असं ठरवलं. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायलो. बाकीचे यथावकाश आले. सौ. टवटवीत. मिस्त्रीच्या नावाने चांगभलं.

तुलनेच्या दृष्टीने आता गाड्यांची अदलाबदल करणं उपयुक्त ठरेल, असं सौ.ला सुचवलं. ती म्हणाली, छे, थोरली ज्यांना आयुष्यात आणखी काही नको त्यांच्यासाठी आहे, तुमच्यात अजून दम आहे. शब्दन्‌शब्द पाठ! पाच पानांतलं नेमकं तेवढंच.

डॉक्टरांनी मनगटं दाबून पाहिली. म्हणाले, बैल असतात तर मालकाला सांगितलं असतं, पंधरा दिवस जुंपू नकोस. मग माझ्या खिशातून त्यांनीच धाकटीची किल्ली काढली. त्यांची गाडी चालवायला बायको आहेच म्हणे, तिला येते. म्हणजे यांचीही! चेहरा गंभीर ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, जमला नाही.

आता बसायला एकच जागा उरली आहे.

तीच तारीख, संध्याकाळी, मुक्कामाच्या खोलीत

पेन नीट धरता येत नाही. थोडक्यात लिहितो.

थोरलीवर मागे बसलो. तात्पुरता. इतक्या वर्षांत या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. तुलनेत तिला नऊ गुण दिले होते, अंदाजाने.

सीट चांगली आहे. पण समोर काहीच नाही. म्हणजे हेल्मेट आहे, मागच्या बाजूने, दिवसभर. रस्ता पुढच्याला दिसतो.

एका वळणावर सौ. ओरडून म्हणाली, तळं बघितलंत का, केवढं निळं! मी मान बाहेर काढेपर्यंत झाडं सुरू झाली होती.

प्रत्येक टूरला मी तिला असंच विचारत आलो. तळं बघ, दरी बघ, ती हरणं बघितलीस का? दर वेळी मागून उत्तर यायचं, हो, छान आहे. एकदाही चुकलं नाही. मी तर कारखान्यात सांगायचो, आमच्या सौ.ला निसर्गाची भारी आवड.

म्हणजे ते सगळं खोटं होतं. एक तळं, एक हरीण दिसलं नसणार हिला. इतकी वर्षं माझ्या डोक्याची मागची बाजू बघत बसली आणि मला थाप मारत राहिली. गाडी चोरून चालवली ते परवडलं. मी पार हललो. गाडी थांबवायला सांगून तिथल्या तिथे जाब विचारायचं ठरवलं.

तेवढ्यात तिने अर्धी मान वळवून पुन्हा विचारलं, दिसलं ना?

मी म्हटलं, हो, छान आहे.