बी, के आणि डब्ल्यू

३ मार्च

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

ह्यांच्या डोक्यातली गाठ काढली आणि आम्ही कालच घरी आलो, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही जिवाला घोर न लावता वाचाल. टाके सुकताहेत, भूक लागते, जिना कठडा धरून स्वतः चढले. बोलणं मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली होती. समज कितपत शाबूत आहे ते हळूहळू कळेल, धीर धरा. धीर धरा म्हणणाऱ्यांचं काय जातं!

बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, कपाची, खुर्चीची चित्रं दाखवतात. हे चित्राकडे बघतात, बाईंकडे बघतात आणि खिडकीकडे तोंड करतात. अक्का, माणूस घरी आला पण आपला माणूस तिथेच राहिला की काय, हाच विचार मनात येतो. लेकीसमोर हे बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

कानावर ओळखीचं काही पडू द्या असं डॉक्टर म्हणालेत. तुमची पत्रं मी मोठ्यानं वाचून दाखवीन. गुडघा प्लास्टरमध्ये घालून तुम्ही अडकलात, तेव्हा पत्रांतून तरी या.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
धाकटी

१० मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

रडून घे आणि मग तोंड धू. माझा हा भाऊ, बाबू, लहानपणीही चित्रं दाखवली की तोंड फिरवायचा. टाइपरायटर दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला खुर्ची ओळख म्हटलं तर तो काय टाळ्या पिटणार?

त्याला त्याच्या कामाचं काहीतरी द्यायला हवं. आमचा खेळ तू पाहिलाच आहेस, पण तो सुरू कसा झाला ते ठाऊक आहे का? माझ्या ऑफिसातल्या एखाद्या यंत्राच्या तीन कळा अडकत. त्या मोकळ्या केल्या की बाबू माझ्या टेबलाशी यायचा आणि विचारायचा, अक्का, ही तिन्ही अक्षरं असलेला इंग्रजी शब्द सांग, टाइप करून बघतो. अक्षरं पुढेमागे कशीही चालत, मध्ये दुसरी कितीही चालत. शब्द सापडला की एक गुण. पुढे यंत्रं मोडीत गेली, पण आम्ही पत्रातून एकमेकांना अक्षरं धाडत राहिलो.

तर बाबू, ऐक. बी, के, डब्ल्यू. मला 'ब्रेकडाउन' सुचला आणि मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. तू बरासा शोध.

दोघांवर जीव आहे, वेगळं काय लिहू.
अक्का

१९ मार्च

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही. तुमची अक्षरं मी पाटीवर लिहून ह्यांच्या मांडीवर ठेवली. दोन दिवस हात लावला नाही. काल खडू मागितला, म्हणजे बोटांनी खूण केली, आणि वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द लिहिला: 'विम्बलॉक'. डब्ल्यू, बी, के, तिन्ही त्यात होती. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला हाक मारली. लेकीनं शब्दकोश काढला. मोठ्या कोशातही नाही, अक्का. बाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, मेंदूला इजा झाली की माणसं कधीकधी नसलेले शब्द जुळवतात. लेक मोरीत जाऊन रडली.

मी पाटी पुसलेली नाही. पुसवत नाही.

आठवण असू द्या, आणि आमच्यासाठी देवाच्या कानावर चार शब्द घाला.
धाकटी

२६ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की घरातल्यांना वाटलं प्लास्टर टोचतंय. मग तितकीच रडले.

अगं, तो लबाड आहे! शब्द सुचला नाही की सरळ नवा बनवायचा, आणि वर अर्थही सांगायचा, चेहऱ्याची सुरकुती न हलवता. एकदा 'फुक्झीम' म्हणजे फितीवरचा शाईचा वास, असं सांगितलंन. त्या बाईंचं शास्त्र खोटं म्हणत नाही, पण त्यांनी माझा भाऊ पाहिलेला नाही. त्याला अर्थ विचार. भांबावला तर मला कळव, मी कुबड्या घेऊन येते. थाप मारली तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे.

आजवर प्रत्येक थापेला मी गुण दिले. जिंकला की त्याचं तोंड असं उजळायचं की मला कोश उघडावासा वाटलाच नाही. मला ठाऊक होतं हे त्याला अजून ठाऊक नाही, तेव्हा हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस.

तुझ्या डोक्यावरून हात फिरवते आहे असं समज.
अक्का

२ एप्रिल

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

वाचून दाखवू नकोस हे शेवटी लिहितात का? मी ते वाक्य वाचेपर्यंत सगळं पत्र मोठ्यानं वाचून झालेलं होतं!

'लबाड आहे' इथंच कसलासा आवाज आला. ठसका लागला समजून मी वळले, तर हे हसत होते. पाटी छातीशी धरून, चोरी पकडलेल्या पोरासारखे. तरी मी अर्थ विचारलाच. बराच वेळ ओठ हलवले, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच, एकेक शब्द लोटत म्हणाले, विम्बलॉक म्हणजे, बायको औषधाचा चमचा घेऊन उशाशी उभी आणि पळायला वाट नाही, अशी अवस्था.

अक्का, मी तेव्हा चमचा घेऊनच उभी होते, सगळा माझ्या पातळावर सांडला. बाईंना सांगितलं तर त्याही हसल्या, म्हणाल्या, चित्रं आता घरी ठेवते. काल रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले.

खाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे. त्यात मी ढवळाढवळ केलेली नाही.
तुमची ऋणी,
धाकटी

ती. अक्का, सा. न.
थोडंच लिहितो.
तुला सगळं ठाऊक होतं, आणि मी एवढी वर्षं स्वतःला हुशार समजत होतो.
आता गुण देऊ नकोस. शब्द कोशात बघ, नसला तर काट.
पाय बरा कर आणि अक्षरं पाठव. मला खरंच जिंकायचंय.
बाबू