वेशीवरची म्हातारी

३ ऑक्टोबर, सकाळ

चि. गुंड्यास,

आईचे अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मर्जीने वागतो. गॅलरीतल्या कुंड्यांपैकी मोठी तेवढी तग धरून आहे. तू बरा असशील. नसलास तरी "बराय गं" एवढंच म्हणशील, म्हणून विचारत नाही.

आईला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं वाटेल तुला. अरे, फोन कानाला लावला की माझी पुन्हा ऑपरेटर होते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे कॉल जोडण्यात गेली. आपण मध्ये बोलायचं नाही, लाइन अडवायची नाही, हे इतकं अंगात मुरलंय की तुझा फोन आला तरी "जेवलास का, थंडी आहे का, बरं, ठेवते" म्हणून मोकळी होते. ठेवला की सगळं आठवतं. पत्रात कसं, मागे कोणी खोळंबलेलं नसतं.

तर तुझा गेम. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी लॅपटॉपवर लावून दिला. "सगळ्यांच्या हातात जाण्याआधी तू खेळ आणि खरं खरं सांग," म्हणालास, म्हणून खरं सांगते. पहिल्या दिवशी माझ्या नाकी नऊ आले. मी बोट ठेवीन तिथे तो माणूस चालत जाणार, एवढंच ना? मी दार दाबते आणि हा निघतो विहिरीकडे. पुन्हा दार दाबते, हा बादली उचलतो. शिंपीणबाई म्हणाल्या, "अगदी तुमच्या मुलावर गेलाय हो."

मग हळूहळू कळायला लागलं. डोंगरातल्या राक्षसाने गावातल्या माणसांचे सगळे आवाज गिळलेत. माणसं ओठ हलवतात आणि त्यांचं बोलणं डोक्यावर नुसतं लिहून येतं. तुझा तो माणूस, घंटा दुरुस्त करणारा, त्या दिवशी परगावी कामाला गेला होता, म्हणून त्याचा एकट्याचा आवाज शिल्लक. आता त्याने गावोगावचे आवाज बाटल्यांत भरत डोंगरापर्यंत जायचं. छान सुचलंय रे तुला! मांजराची घुरघुर बाटलीत भरून ती पहारेकऱ्याच्या कानाशी उघडायची आणि तो झोपला की आत शिरायचं, हे मी कोणाला न विचारता सोडवलं. शिंपीणबाईंना जिना चढून वर यायला लावलं आणि दाखवलं.

आणि त्याचा आवाज तुझा आहे! आधी सांगितलं का नाहीस? "दुसरं कोणी मिळेना म्हणून मीच दिला," असं आता म्हणशील. मी झाडू पहारेकऱ्याला देऊन पाहिला, बादली मांजराला, मांजर विहिरीला. दर वेळी तू म्हणतोस, "याचा इथे काही उपयोग नाही." तेही किती शांतपणे. लहानपणी एवढा शांत कधी होतास? खरं सांगू, आता मी मुद्दाम चुकीचं लावते. खिडकी दाबली की तू खिडकीबद्दल बोलतोस, दगड दाबला की दगडाबद्दल. फोनवर तू माझ्याशी इतकं बोलत नाहीस.

अजून एक कळवायचं आहे. ते या महिन्याच्या आतच कळवायला हवं, पण आधी तुझा गेम पार पडू दे. पुढच्या पत्रात लिहीन.

शिंपीणबाईंचा नमस्कार.

तुझी,
आई


११ ऑक्टोबर, दुपार

चि. गुंड्यास,

आशीर्वाद. आज रागावले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ती वेशीवरची म्हातारी. पायरीवर बसलेली असते, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिला एकदा दाबलं की लिहून येतं, "जेवलास का?" पुन्हा दाबलं की "बाहेर थंडी आहे, अंगावर काही घे." तिसऱ्यांदा, "बरं, नीघ आता. उशीर होईल." आणि वेस उघडते. चौथ्यांदा दाबलं की पुन्हा "जेवलास का?" दिवसभर दाबत बसा, चौथं वाक्य म्हणून नाही बाईकडे.

मी कपाळाला हात लावला. तुझ्या त्या राक्षसाला सुरुवातीलाच काय सुरेख बोलणं दिलं आहेस! मांजरसुद्धा तिच्यापेक्षा जास्त बोलतं. आणि आई म्हणून तुला एवढंच आठवलं? ती मी नाही असं सांगू नकोस, चष्म्याला दोरी बांधलेली मला दिसते. जन्मभर मी ठरावीक वाक्यांवर पगार घेतला, "नंबर सांगा", "लाइन व्यस्त आहे", "थोडं थांबा". पण ती नोकरी होती बाबा. घरी मी वेगळी होते, असं मला वाटत होतं.

राग आला तशी तरातरा पुढे गेले. वेशीतून बाहेर, पुलावरून पलीकडे. आणि मागे पूल कोसळला! नदीच्या अलीकडे परत यायला काही म्हणजे काही ठेवलं नाहीस. मी पिशवीतलं सगळं काढून पाहिलं. दोरी, फळी, बेडकाच्या ओरडण्याची बाटली. "आता मागे जाता येणार नाही. बरंच झालं, पुढेच जायचंय," असं तू म्हणालास. बरंच झालं? काय बरं झालं रे त्यात? मी लॅपटॉप बंद केला आणि दूध तापवायला ठेवलं ते उतू गेलं.

तुला मेसेज टाकला, पूल पडल्यावर त्या म्हातारीचं पुढे काय होतं. तुझं उत्तर आलं, "आई, ती फक्त सुरुवातीला आहे. तिच्यापाशी अडकू नकोस. पुढे जा, पुढे मजा आहे." आणि एक हसरं तोंड.

तर तुला सांगते, मी पुढे जात नाही. रोज सकाळी गेम नव्याने सुरू करते, मांजर आणि पहारेकरी आटपून वेशीपाशी येते आणि तिला दाबत थांबते. पूल मी ओलांडतच नाही. राक्षस आवाज गिळून बसलाय तो बसू दे. कोणीतरी त्या बाईजवळ थांबायला हवं.

घरात जरा मोकळं केलं आहे. तुझ्या बाबांचं लाकडी कपाट शिंपीणबाईंना देते आहे, त्यांना कापडाचे गठ्ठे ठेवायला बरं पडेल. मला एकटीला काय करायचंय एवढं कपाट? परवा टेकडीमागे जाऊन एक खोली पाहून आले. तिथे दोघींत एक खोली असते. खिडकी पूर्वेला आहे. त्याबद्दल सविस्तर नंतर. तू काळजी करू नकोस, मला काही झालेलं नाही.

तुझी,
आई


१९ ऑक्टोबर, दुपार

माझ्या गुंड्या,

आज तब्येत, कुंड्या, गुडघा, सगळं राहू दे.

काल कपाट न्यायला शिंपीणबाई दोन हमाल घेऊन आल्या. मी नेहमीसारखी वेशीपाशी थांबले होते, गेम तसाच चालू ठेवून उठले. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. एक हमाल म्हणतो तिरकं करा, दुसरा म्हणतो आडवं करा, शिंपीणबाई दोघांना ओरडतायत, मी वरून सगळ्यांना ओरडतेय. शेवटी दारं काढली आणि मग ते उतरलं. त्यांच्याकडे चहा झाला, गप्पा झाल्या. वर येऊन पाहते तर स्क्रीनवर तुझा घंटावाला उभा नाही. पायरीवर बसला आहे. म्हातारीच्या शेजारी.

मी तर काहीच दाबलं नव्हतं. आधी वाटलं, बिघडवलं मी तुझं काहीतरी. बंद केलं, पुन्हा सुरू केलं, वेशीपर्यंत आले, आणि या वेळी माऊसपासून हात काढून मांडीवर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. कपाटाची जागा रिकामी होती, तिथे भिंतीचा रंग वेगळाच दिसत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. म्हातारी किल्ल्या चाळवते, घंटावाला या पायावरून त्या पायावर होतो. मग तिच्या डोक्यावर अक्षरं आली.

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

आणि तुझा आवाज आला. मी काही न दाबता.

"वाढवा."

आणि तो तिच्याजवळ जाऊन बसला.

गुंड्या, मी रडले. लपवण्यात काय अर्थ आहे, चांगली हुंदके देऊन रडले. हे जगात फक्त आपल्या दोघांना ठाऊक. परगावच्या ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये येऊन विचारायचो आणि माणूस "वाढवा" म्हणाला तरच लाइन पुढे चालू ठेवायची. मी ड्यूटीवरून आले की तू पांघरुणाचं टोक कानाला लावून फोन करायचास. मी पलंगाच्या कडेला बसून म्हणायचे, तीन मिनिटं झाली, वाढवू का? आणि तू आतून ओरडायचास, "वाढवा!" किती वेळा वाढवून घ्यायचास, लबाडा. कधी कधी तू झोपलास तरी मी तिथेच बसलेली असायचे, नुसती.

म्हणजे तुला माहीत आहे. "जेवलास का" म्हणून मी फोन ठेवते, तेव्हा मला ठेवायचा नसतो, हे तुला माहीत आहे. आणि ते तू नेऊन ठेवलंस कुठे, तर जिथे कोणाचा हात जाणार नाही तिथे! सगळे खेळणारे घाईत, म्हातारीला तीनदा दाबतील आणि पूल ओलांडून जातील. काही न करता थांबणारं माणूस तुला कुठून भेटणार होतं? आणि वर मला लिहितोस, तिच्यापाशी अडकू नकोस. तिच्याजवळ बसायला तुला जमतं, आणि इथे यायला जमत नाही? दर वेळी "गेम झाला की येतो". आता झाला ना? पुढचा सुरू करशील, तो झाला की येशील. रागावून नाही लिहीत. थोडी रागावले आहे.

आता माझं ऐक. टेकडीमागची खोली म्हणजे वृद्धाश्रम आहे. पहिल्या तारखेपासून माझी जागा धरली आहे. पहिल्या पत्रापासून कळवीन म्हणत टाळत आले, आणि शेवटी ठरवलं होतं की तिथे राहायला गेल्यावरच कळवायचं, नुसता नवा नंबर. कारण आधी कळवलं असतं तर तू धावतपळत काहीतरी करायला गेला असतास, बाई ठेवली असतीस, डॉक्टर पाठवला असतास. मला डॉक्टर नको आहे. मला काही झालेलं नाही रे. नुसतं इतकंच झालंय की बाबा गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कोणाचा आवाज नाही, आणि मीही आता फारशी बोलत नाही. शिंपीणबाईंचं मशीन खाली चालू झालं की बरं वाटतं. रविवारी ते बंद असतं, तेव्हा मी नळ थोडा उघडा ठेवते. गावाचे आवाज राक्षसाने गिळले असं तू लिहिलंस तेव्हा तुला ते कुठून सुचलं कोण जाणे, पण मी वाचलं आणि म्हटलं, बरोबर आहे, असंच असतं.

तिथल्या बाईंना मी आज फोन केला. म्हटलं, माझी जागा एक महिना धरून ठेवा, माझ्या मुलाशी बोलायचं राहिलंय. त्या म्हणाल्या, फोनवर बोला की. मी म्हटलं, फोनवर मी ऑपरेटर असते हो. त्यांना काही समजलं नाही. पण धरली जागा.

तेव्हा तू ये. आल्यावर कदाचित मी तिथे जाईनच, तू मला सोडायला येशील, पूर्वेची खिडकी पाहशील. कदाचित नाही जाणार. ते आपण बसून ठरवू. पण येशील तेव्हा घंटावाल्यासारखा पिशवी उघडून बसू नकोस. हे लावून बघू, ते लावून बघू, असं माझ्यावर काही करू नकोस. माझ्यावर त्यातल्या कशाचा काही उपयोग नाही. नुसता येऊन शेजारी बस. मी "जेवलास का" विचारीन, थंडीचं विचारीन, "नीघ आता" म्हणेन, कारण तोंडात तेच बसलंय. तेव्हा निघू नकोस. थोडं थांब. त्याच्या पुढचं वाक्य मला यायला जरा वेळ लागतो.

आणि गेममध्ये तिला चौथं वाक्य देऊ नकोस. मी म्हटलं होतं ते परत घेते. आहे तस्सं राहू दे. पुलाचं मात्र बघ काहीतरी. एक दोरीचा तरी ठेव.

तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली, गुंड्या. नियमाप्रमाणे आता मी विचारायचं आणि तू सांगायचं.

वाढवू का?

लाइनवर थांबलेली,
तुझी आई