वाढीच्या गोळीबाबत खुलासा

चिंचवड,
रविवार, दुपार

ती. स्व. शेखरदादांना,
शरच्चंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला तेलाने उतार पडला असेल, वहिनींचा दमा थंडीत डोकं वर काढत नसेल आणि बार्शीत नळाला पाणी वेळेवर येत असेल, असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. (ठीक म्हणजे कितपत, ते पुढे येईल.) हल्ली पत्र कोणी लिहीत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या घरी फोन केला की पद्मजाच उचलते आणि माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणून ठेवते. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला राँग नंबर म्हणायला धाडस लागतं, पण ते तुमच्या घराण्यात आहेच. तेव्हा तुमची बहीण एक बॅग घेऊन अचानक बार्शीला का उतरली, याची दुसरी बाजू तुमच्यापुढे ठेवावी, एवढाच या पत्राचा हेतू. माझी कसलीही मागणी नाही.

सुरुवात शेजारच्या समाधानकडच्या सत्यनारायणापासून झाली. मी जमिनीवर मांडी घालून बसलो तो बसलोच. आरतीला सगळे उभे राहिले, मी आपला खालूनच टाळ्या वाजवत होतो. लोकांना वाटलं, माझा भक्तिभाव अनावर झाला. प्रत्यक्षात मांड्यांत उठायचं बळ उरलं नव्हतं. शेवटी समाधानने आणि त्याच्या मेहुण्याने काखेत हात घालून मला उचललं, आणि चाकणला कंपनीत आम्ही गिअरबॉक्स ठेवायचो तितक्याच जपून सोफ्यावर ठेवलं. घरी आल्यावर पद्मजाने पहिल्यांदाच वाकून माझ्या पायातल्या चपला काढल्या. ते मला फार लागलं.

त्याच सुमारास ताथवड्याकडच्या एका इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या स्नायूंवर संशोधन चालू असल्याचं कळलं. तोंडाने घ्यायची गोळी आहे. ती मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला डिवचते आणि ती ग्रंथी वाढीचं हार्मोन सोडते, तरुणपणी सोडायची तसं. त्याने माणसाला उठाबसायला खरंच बळ येतं का, हे अजून कोणालाच नक्की माहीत नाही, म्हणून तर संशोधन. औषध बाजारात मिळत नाही. निम्म्या लोकांना खरी गोळी देतात, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली, आणि कोणाला कुठली मिळाली हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. (माझा जन्म तपासणी खात्यात गेला, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटली. आमच्याकडे खराब माल कुठला हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि तरी तो पुढे जायचा.) मी संमतीपत्र तीनदा वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि सही केली. तिथल्या वर्षालीताई, म्हणजे आमच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई, म्हणाल्या, "काका, आजवर हे कोणी वाचलंच नव्हतं."

"वाढीचं हार्मोन" हे शब्द सोसायटीत माझ्याआधी पोचले. आमचा वॉचमन भैरू रोज सकाळी मला गेटच्या खांबाला टेकवून उभं करायचा, निरखून बघायचा आणि खिन्न होऊन सांगायचा, "न्हाई काका, अजून तेवढंच हाय." मी त्याला ग्रंथी समजावून सांगितली. तो म्हणाला, "व्हय व्हय, पन टाच टेकवा."

उंची वाढली नाही, भूक वाढली. कागदात तसं लिहिलेलं होतं की या औषधाने काहींना फार भूक लागते, पण "फार" या शब्दाचं माप दिलेलं नव्हतं. मी दुपारी जेवताना रात्री काय आहे ते विचारू लागलो. पद्मजाला आधी आनंदच झाला. (मी जन्मभर पोळीसुद्धा तपासणीला आल्यासारखी उलटीपालटी करून खायचो, अशी तिची तक्रार आहे.) तिने हौसेने धपाटी केली, पुरणपोळ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी तर खलबत्त्यात कुटून केली. मग ती दमली. मग डबे जागेवरून हलू लागले. चिवडा मला वॉशिंग मशीनमध्ये सापडला. ती म्हणाली, "सापडला कसा?" मी म्हटलं, "शोधला."

आता मूळ मुद्दा. आपली लेक पूर्वी हिचं डोहाळजेवण वाकडला तिच्या सासरच्या टॉवरमध्ये, खालच्या क्लब हाउसात होतं. तुम्हाला यायला जमलं नाही, ते एका परीने बरं झालं. विहीणबाई विजयश्रीताईंनी थाट मोठा केला होता. फुलांचा झोपाळा होता, फुलांचं धनुष्य होतं आणि फोटोग्राफर होता. या फोटोग्राफरला पूर्वीने चंद्राकडे बघायला हवं होतं. वेळ दुपारची, तेव्हा ती ट्यूबलाइटकडे बघत होती. जेवण फोटो झाल्यावर. मसालेभाताचा वास संपूर्ण हॉलभर पसरलेला, आणि मी सकाळची गोळी घेऊन बसलेलो. मी नुसते पाय मोकळे करायला म्हणून बाजूच्या खोलीत गेलो. तिथे टेबलावर दोन चांदीच्या वाट्या झाकून ठेवलेल्या होत्या. दादा, त्या कशाच्या हे मला ठाऊक होतं, मी ते नाकारत नाही. गर्भारशीने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी आधी पेढा खाल्ला. खाल्ल्यावर लक्षात आलं की आता एका वाटीत काहीच नाही आणि दुसरीत बर्फी आहे, म्हणजे निकाल एका बाजूला झुकला. हे तपासणीच्या दृष्टीने चूक होतं. म्हणून मी बर्फीही खाल्ली आणि दोन्ही वाट्या होत्या तशा नीट झाकून ठेवल्या.

पूर्वीने हसत हसत पहिली वाटी उघडली. रिकामी. बायका हसल्या. तिने दुसरी उघडली. मग कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी "अगं बाई, दोन्ही रिकाम्या?" असं म्हणालं, विजयश्रीताईंचा हात छातीवर गेला, आणि माझ्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या गर्दीत वाट्यांकडे न बघणारी एकच बाई होती. पद्मजा थेट माझ्याकडे बघत होती.

मी पुढे झालो. म्हटलं, "पूर्वी, घाबरू नको. अपशकुन वगैरे काही नाही. मी खाल्लं."

"बाबा, दोन्ही?"

"एकच खाल्लं असतं तर पक्षपात झाला असता."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पोट धरून अशी हसू लागली की जावई शार्दूल पाण्याचा पेला घेऊन धावला. तिच्या गालांवर रंग परत आला. विजयश्रीताईही हसल्या, म्हणजे नंतर. पद्मजा हसली नाही. परतताना रिक्षात मी म्हटलं, हा त्या औषधाचा दोष आहे. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आणि तुमची गोळी रिकामी निघाली तर? मग मी काय समजायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बार्शीची एसटी धरली.

मी तडक इस्पितळात गेलो आणि माझी गोळी खरी की खोटी ते सांगा म्हणालो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "संशोधन संपेपर्यंत नाही सांगता येत. रुग्णाच्या जिवाला धोका असेल तरच कोड उघडून कोणाला कुठली गोळी ते बघतो."

"धोका आहे."

"कशापासून?"

"तुम्ही पद्मजाला भेटलेला नाहीत."

त्यांनी माझं ब्लडप्रेशर घेतलं. ते चांगलं निघालं. माझी बाजू तिथेच पडली.

तर वस्तुस्थिती ही अशी आहे. निवाडा तुम्ही थोरले म्हणून करावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. मागणी नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडून सुधारायला जागा नव्हती. येत्या रविवारी तुम्ही स्वतः तिला घेऊन या. एकटी आली तर ती स्वारगेटहून परत फिरेल. मी हल्ली जमिनीवरून एका हाताचा आधार घेऊन उठतो. तिने ते बघावं अशी इच्छा आहे.

ता. क. २. ती गेल्यापासून गोळी तीच, वेळ तीच, पण भूक लागत नाही. पानात अर्धी पोळी तशीच राहते. वर्षालीताईंना कळवलं, तर त्यांनी काळजीने विचारलं, "दुसरं काही औषध चालू केलं का? पोट बिघडलंय? घरात काही बदल?" मी खरं ते सांगितलं, बायको बार्शीला गेली आहे. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "काका, हे औषधाच्या रकान्यात नाही लिहिता येत."