पांढरी शेपटी

बुधवार, संध्याकाळ

काल इथे चुकीचं लिहिलं. त्या नव्या पक्ष्याची शेपटी काळी नाही, पांढरीशुभ्र आहे. मिटलेल्या पंखांखाली दिसलीच नव्हती. आज ते उडालं तेव्हा दिसली. मानेवर लांब पिसं, तांबूस झाक असलेली हिरवी पाठ, एकट्यानेच पाचोळा उकरत चालणं. निकोबारी कबूतरच, इथे अगदी दुर्मीळ. शेपटी पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, असं बाबांनीच शिकवलं होतं.

सोमवारी आमच्या कॉन्डोवाले, म्हणजे सोसायटीवाले, कबुतरं पकडायला जाळं लावणार. त्यात हेही जाईल. मॅनेजरला सांगावं, तर तो आधी विचारणार, इथे खायला कोण घालतं? बाबा गेल्यापासून आई रोज कुंपणाच्या भिंतीवर भाताचा घास ठेवते. सिंगापुरात तो गुन्हा.

“मी कावळ्यासाठी ठेवते गं. कबुतरांना काय मी आमंत्रण दिलं?” आई म्हणाली. मग हळूच, “माझा इथे राहायचा पास रद्द करतील का?”

माहीत नाही. गप्प बसले तर ती पांढरी शेपटी जाळ्यात, बोलले तर आई अडकणार. निनावी कळवू? पण मग घास कुणाचा, ते लपवलंच ना?

आईला उद्या समजावते. मॅनेजरला पक्ष्याचं नाव सांगायचं आणि घास आमच्याच घरचा, हेही. शुक्रवारी, ऑफिस उघडताच.