अंतोनीच्या हातातलं बाळ

४ मे

ती. मावशीस,

नमस्कार. राग आलाय, पण नमस्कार आधी, हे तूच शिकवलंयस.

तुझ्या शेजारच्या काकूंचं पत्र आलं. चर्चमधल्या संत अंतोनीच्या पुतळ्याच्या हातातला बाळ येशू गायब झालाय आणि फादर घरोघर विचारत फिरतायत, असं त्या लिहितात. चर्चची किल्ली तुझ्याकडे, झाडलोट तुझ्याकडे. आणि लहानपणापासून मी तुझ्याच तोंडून ऐकत आलेय की मुलीचं लग्न जमत नसेल तर अंतोनीचं बाळ काढून घ्यायचं, आणि स्थळ आणलंस तरच परत देईन असं त्याला ठणकावायचं. मावशी, हे तुझंच काम आहे ना?

मला लग्न करायचं नाही, हे किती वेळा लिहू? चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर भिंगं घासते, संध्याकाळी स्वतःपुरतं शिजवते आणि सुखानं झोपते. बाळ ठेव जागेवर, आणि तसं मला कळव.

तुझी,
मिरची

*

१२ मे

चि. मिरचीस,

अनेक आशीर्वाद. तब्येत जप, जिभेला जरा लगाम घाल.

हो, मीच काढलं. कपाटात मऊ दुपट्यात गुंडाळून ठेवलंय, काही हाल नाहीत त्याचे. अंतोनी फार गोड स्वभावाचा आहे गं, पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि बघ, गुण आलाच. बेकरीवाल्याचा पुतण्या तुला बघायला तयार आहे. चार दिवस ये, बघ, आवडला नाही तर नाही म्हण. तू आल्याशिवाय बाळ परत द्यायचं नाही असा शब्द मी अंतोनीला देऊन बसलेय.

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. माया पातळ करू नकोस.

तुझी मावशी

*

१७ मे

ती. मावशीस,

नमस्कार. बेकरीवाल्याच्या पुतण्याला माझ्यातर्फे शुभेच्छा. मी येणार नाही. मालक सुट्टी देत नाहीत.

तू दिलेलं संतांच्या चरित्रांचं पुस्तक काल मुद्दाम काढून बसले. लुसीनं ठरलेलं लग्न मोडलं. ॲग्नेसनं मागणी धुडकावली. घरचे लग्नाचं टुमणं सोडेनात म्हणून कॅथरीननं केस कापून टाकले. या सगळ्यांचे सण तू न चुकता पाळतेस. त्यांनी लग्नाला नाही म्हटलं तर त्यांना मेणबत्ती, आणि मी म्हटलं तर मला बोलणी, हा कुठला न्याय? बरं, ज्यांची लग्नं झाली त्यांचं तरी काय? मोनिकाचा नवरा तापट, रीटाचा त्याहून तापट. नवरे सोसून सोसून संत झाल्या बिचाऱ्या.

मला संत व्हायचं नाही आणि सोसायचंही नाही.

तुझी,
मिरची

*

२२ मे, संत रीटाचा सण

चि. मिरचीस,

आशीर्वाद, तू मागितले नाहीस तरी. सणाच्या दिवशी तिच्या नवऱ्याची उणीदुणी वाचायला लावलीस, धन्य आहे तुझी. कॅथरीननं केस कापले ते देवासाठी. तू मागे कापलेस तेव्हा तुझा फोटो बघून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

इकडे मात्र भलतंच झालंय. चर्चच्या भिंती रंगवणारा रंगारी आहे ना, मुका मुका असतो तो, त्याच्यावर फादरांचा संशय आहे. शिडी त्याची, पुतळ्याशेजारी दिवसभर तोच. त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. काल त्याची बायको बाजारात भेटली, मान वर करेना. मी भाजी न घेताच परतले. पण शब्द दिलाय गं. तू फक्त ये, बाळ त्याच क्षणी जागेवर जाईल.

तुझी मावशी

*

३ जून

ती. मावशीस,

नमस्कार लिहितेय, पण केवळ सवयीनं.

माझ्या लग्नापायी एका माणसाला तू चोर ठरवलंस आणि वर त्याचं खापर माझ्यावर? मी आले नाही म्हणून त्याचं काम गेलं? आई गेल्यावर तू मला पदराखाली घेतलंस, ते मी जन्मात विसरणार नाही. पण मला वाढवणारी मावशी अशी नव्हती. दुसऱ्याच्या झाडाचा पेरू खाल्ला म्हणून तू मला त्या घरी माफी मागायला नेलं होतंस.

तेरा जूनला अंतोनीचा सण. त्याच्या आत बाळ परत दे आणि सगळ्यांसमोर खरं सांग. नाहीतर मी फादरांना लिहीन. हे नुसतं धमकावणं समजू नकोस.

मिरची

*

१४ जून

चि. मिरचीस,

आशीर्वाद. काल सण झाला. चर्च गजबजलेलं, अंतोनी फुलांत बुडालेला, हात मात्र रिकामा.

मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मी दुपट्यातलं बाळ घेऊन पुढे गेले आणि हे मी नेलं होतं, रंगाऱ्याचा काही दोष नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मागच्या बाकांवर हसले लोक. फादरांनी किल्ली मागून घेतली. इतकी वर्षं कमरेला होती, आता चालताना कसंतरीच वाटतं. रंगाऱ्याला परत बोलावलंय. त्यानंच बाळ बसवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि का बघावं त्यानं?

फादरांनी कारण विचारलं. भाचीचं लग्न, असं मी सांगितलं. तेही खोटंच. बेकरीवाल्याच्या पुतण्याचं लग्न होऊन त्याचं पोर रांगायला लागलंय. लग्न ठरलं तर तुला आठ दिवस तरी घरी राहावं लागेल, एवढाच माझा हिशेब होता. येऊन तीन वर्षं झाली तुला. दर वेळी मालक सुट्टी देत नाहीत. मला एकटीला घर खायला उठतं, हे लिहायला लाज वाटायची. स्थळाचं लिहायला वाटत नव्हती.

मावशी

*

१९ जून

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. शनिवारी येतेय, आठ दिवसांसाठी. आल्या आल्या आपण दोघी रंगाऱ्याच्या घरी जाऊ. तो दार लावून घेईल, तरी जाऊ.

मालक लगेच हो म्हणाले. मी याआधी कधी सुट्टी मागितलीच नव्हती. तू सरळ ये म्हटलं असतंस तर मी पुन्हा त्यांचंच नाव पुढे केलं असतं, आणि ते तुला ठाऊक होतं. पत्र आल्यापासून कुणावर चिडावं तेच मला कळत नाहीये.

लोभ आहेच, तो मागायला नको.

तुझी,
मिरची