न विचारता हलवलेली अक्षरं

३ ऑक्टोबर

चि. खटपट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून दिले. मनात सध्या वेगळंच आहे.

तुझे फोन येतात ते दिसतं मला. उचलणार नाही. मी आवाज चढवला की नेमकी तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

गेल्या आठवड्यात येऊन किती गोड बोललास. आत्या, तुझी जुनी सिस्टीम आता धोक्याची झाली, तिला कुणी वाली उरला नाही, मी दुसरी डिस्क बसवतो, तिच्यावर नवी सिस्टीम टाकतो, दोघी गुण्यागोविंदाने नांदतील आणि सुरू करताना कुठे जायचं ते तुला विचारलं जाईल, असं म्हणालास. मी म्हटलं, नांदू देत बापड्या. ऑफिसभर लोकांचे कॉम्प्युटर सांभाळणारा भाचा, तो काय आत्याचं वाईट करणार?

आता ऐक. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, खाली आकडे उलटे पळतात. मी चष्मा शोधून नाकावर ठेवेपर्यंत निकाल लागलेला असतो आणि स्वारी नव्या घरात शिरलेली असते. विचारायचं, आणि उत्तर द्यायच्या आत आपणच ठरवून मोकळं व्हायचं, ही तुझ्या वडिलांची जुनी खोड. ती माझ्या कॉम्प्युटरला कुणी शिकवली?

नवं घर झुळझुळीत आहे, नाही म्हणत नाही. पण माझा भरतकामाचा प्रोग्रॅम तिथे नाही. खिडकीजवळचं भरतकामाचं मशीन तोंड शिवून बसलंय. नर्सिंग शाळेच्या मुली महिनाअखेरीला शिकून बाहेर पडतायत, प्रत्येकीच्या एप्रनवर मी नाव भरून द्यायचंय. मोठ्या सिस्टर आज पुन्हा चौकशीला आल्या. त्यांना काय सांगू, भाच्याने सुधारणा केली?

मशीनबरोबर आलेल्या अक्षरांत आपलं एकही अक्षर नव्हतं, हे तुला माहीत आहे. अ पासून ज्ञ पर्यंत सगळी मी काढली, टाका टाका बसवून. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले. ती दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांना धक्का लागला तर आत्या आहे आणि तू आहेस.

वहिनीला सांग, तिच्यावर राग नाही. लोभ सध्या तिच्यापुरताच आहे.

तुझी,
आत्या

८ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आत्यास, साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा खो खो हसत होते, ते त्यांच्या खोडीच्या वाक्यापर्यंत. नंतर पेपर वाचायला लागले.

आकडे पळायला लागले की खालच्या बाणाचं बटण दाब. मोजणी तिथेच थांबते. मग सावकाश चष्मा शोध. दुसऱ्या नावावर जाऊन एन्टर दाबलंस की तू तुझ्या जुन्या घरात.

पण तिथे गेलीस की अक्षरं सापडणार नाहीत, घाबरू नकोस. जुनी डिस्क हल्ली कुरकुरते, एक दिवस मान टाकेल. म्हणून मी अक्षरं नव्या डिस्कवर हलवली. मागे प्रत ठेवली नाही, कारण तू एका घरात एखादं अक्षर सुधारशील आणि दुसऱ्या घरात ते तसंच राहील, मग कुठलं खरं याचा घोळ. नव्या घरात भरतकामाचा नवा प्रोग्रॅमही टाकलाय, सुईचं चित्र आहे त्यावर. तू रागाच्या भरात पाहिलं नसशील. निघताना हे सगळं सांगायचं राहिलं. बस चुकत होती.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. जुन्या सिस्टीमला नवी डिस्क ओळखता येत नाही. ती म्हणेल, इथे एक निकामी डिस्क आहे, फॉरमॅट करू का? फॉरमॅट म्हणजे साफ पुसून टाकणं. नाही म्हण. कितीही वेळा विचारलं तरी नाहीच म्हण.

राग ओसरला की फोन उचल. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खटपट्या

९ ऑक्टोबर

चि. खटपट्यास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

तुझं उत्तर अजून नाही. मी काय ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू? बाणाचं बटण दाबलं की आकडे थांबतात हे माझं मीच शोधलं, आणि गेले जुन्या घरी. सगळं जागच्या जागी. बरं वाटलं. एवढ्यात त्याने सांगितलं, इथे एक डिस्क आहे, ती वापरता येत नाही, फॉरमॅट करू का? मी म्हटलं, पोराने अर्धवट टाकलेलं काम दिसतंय. मोकळी पडलेली खोली झाडून घ्यायला कुणाची परवानगी लागते? हो म्हटलं. त्याने परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की म्हणजे नक्की. चुटकीसरशी झालं. निदान एक जण तरी माझ्या उत्तरासाठी थांबला.

मग मशीनवर एप्रन चढवला, प्रोग्रॅम उघडला. अक्षरांचा कप्पा रिकामा! अ नाही, आ नाही, काना नाही, मात्रा नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं, तर आता ते दोन घरांचं विचारणंही गेलं. काळ्या पडद्यावर एक ओळ, आणि शेपटीला काहीतरी लुकलुकतंय.

माझी अक्षरं कुठे ठेवलीस? एका ओळीत लिही. पाल्हाळ नको, शपथा नकोत, आणि बस चुकत होती हे तुझं नेहमीचं तर अजिबात नको.

आत्या

१३ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आत्यास सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं एव्हाना वाचलं असशील. अक्षरं तू झाडलेल्या खोलीत होती.

पण ऐक. त्या झाडण्याने दारावरच्या पाट्या निघतात, सामान बहुतेक आतच असतं, वर नवं काही रचेपर्यंत. म्हणून कॉम्प्युटर सुरूच करू नकोस. नव्या डिस्कची वायर काढ, ती मऊ कापडात गुंडाळ आणि कुरिअरने मला पाठव. मिळतील तेवढी काढतो. सगळी मिळतील असं वचन देत नाही.

मी सांगायला हवं होतं, कबूल. पण आत्या, नक्की का म्हणून विचारल्यावर तरी? रागावलोय मीसुद्धा, म्हणून इथेच थांबतो. तरी पायांवर डोकं आहेच.

खटपट्या

३० ऑक्टोबर

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद. या वेळी मोजून-मापून नाहीत.

काल मुलींचा समारंभ झाला. एप्रन वेळेवर पोचले. मोठ्या सिस्टर नाकाच्या शेंड्यावरून बघणाऱ्या, पण एकही नाव उलटसुलट करून पाहिलं नाही त्यांनी.

कुरिअर म्हणालास आणि मी डिस्क मांडीवर घेऊन बसने आले, स्वतः तुमच्या दारात उभी राहिले, त्याचं तुझ्या बाबांना अजून हसू येतं म्हणे. येऊ दे. माझी अक्षरं एकदा माझ्याशिवाय प्रवास करून आली होती, पुन्हा पाठवणार नव्हते. दोन दिवस जेवणखाण विसरून तू ती एकेक करून परत काढलीस, ते मी पाहिलं. मग मला सोडायला येऊन कॉम्प्युटर पुन्हा चालू करून गेलास, आणि आता दोन्ही डिस्कवर एकेक प्रत आहे. कुठलं खरं याचा घोळ झाला तर माझा मी निस्तरीन.

एकटा ळ काही आला नाही. उघडला की नुसता दोऱ्याचा गुंता. एका मुलीच्या आडनावात नेमका तोच. तिचा मी हाताने भरला. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा इतका वेगळा का लागतो? मी म्हटलं, भाच्याची कृपा.

राग गेला असं समजू नकोस. तू चांगल्यासाठी केलंस हे मला मान्य. पण बाबा रे, वाईट करणारा निदान चोरून करतो, चांगलं करणारा दिवसाढवळ्या, आपल्याच खुर्चीत बसून, आपल्याला चहा करायला सांगून करतो. म्हातारीला काय कळतंय, कळलं तरी काय फरक पडतो, असं मनात कुठेतरी असतं. हो म्हणण्याची चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण मला ठाऊक असतं तर मी हो म्हटलं नसतं. एवढंच माझं भांडण आहे, आणि ते मरेपर्यंत राहील.

ळ मला पुन्हा काढता येईल. मी काढणार नाही. त्याची जागा रिकामी ठेवली आहे. रजा काढून ये, माझ्या शेजारी स्टुलावर बस आणि तू काढ. प्रत्येक टाका घालायच्या आधी मला विचारायचं. मी हो म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

वाट पाहते. यावंस, आणि लोभ सोबत आणावास, इथला आहेच.

तुझी,
आत्या