झुंबरला काय आवडतं

कराची
श्रावण वद्य दशमी, सन १९३२

तीर्थस्वरूप अंबाजीभाऊ यांस, धाकट्या सोपानाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. मी हितं खुशाल. वैनीला नमस्कार.

भाऊ, रागावू नका, पण हे काम तुमच्याबिगर होणार न्हाई. गेल्या माघात मी हितं लगीन केलं. गोदीतले मुकादम दत्तोबा, त्यांची लेक लीलाबाई. माणसं साताऱ्याकडची, आपल्यातलीच. गावाकडं बायको हाय म्हटलं असतं तर मुकादमानं दारात उभं केलं नसतं, म्हणून झुंबर पटकीनं गेली असं सांगितलं. तोंडातून गेलं ते गेलं. झुंबरला यातलं काई कळू देऊ नका.

आता पितरपाठ आला. नवऱ्याआधी अहेवपणी गेलेल्या बाईचं ताट अविधवा नवमीला वाढतात, ते लीला वाढणार. लय भोळी हाय. रोज इचारती, बाईंना काय आवडायचं, तेच रांधीन. मी पुरणपोळी म्हणून मोकळा झालो, तर म्हणती ती सगळ्यांनाच आवडती, बाईंचं खास सांगा. भाऊ, चार वर्सं संसार केला पण खरंच आठवंना. ती कवा जेवायची तेच मी पायलं न्हाई. तवा तिलाच गोडीत इचारा आन् लगोलग कळवा.

माया हाय तशी राहू द्या.
तुमचा सोपान

वलवण
भाद्रपद शुद्ध पंचमी

चिरंजीव सोपान यास अंबाजीचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. गाढवा, जित्या बायकोला मारलंस, वर तिची आवड इचारतोस? समोर असतास तर धरणात बुचकळून काढला असता. पण घराची अब्रू म्हणून गप बसलो. तुझ्या वैनीलाबी सांगितलं न्हाई.

झुंबरला इचारलं. आधी म्हणाली, आज हे कशापायी? सोपानानं इचारलंय म्हटल्यावर पदर तोंडाला लावून आत पळाली. मग उंबऱ्याआडून बोलली, आंबेमोहराची खीर, खालून जरा लागलेली, खरवडीसकट. आता तू दिवाळीला येणार असं धरून बसलीय. दोन खोल्या सारवून झाल्या. तिकडं आपल्यावानी तांदूळ मिळत नसंल म्हणून स्वतः निवडून गाठोडं दिलंय, पार्सलानं धाडतो.

मला पुन्यांदा असलं काम सांगू नको. तब्येतीला जप.
अंबाजी

कराची
भाद्रपद वद्य दशमी

तीर्थस्वरूप अंबाजीभाऊ यांस सोपानाचा नमस्कार. वि. वि. तांदूळ पोचला, वास घरभर सुटला. बाईंना काय आवडायचं म्हणून लीला रोज इचारायची, काल तिनं त्याचीच खीर केली, मुद्दाम खालून लागू दिली. कौलावर घास ठेवला. दुपार टळली तरी कावळा शिवंना. गोदीत कावळे ढिगानं, पण त्या घासाकडं एक बघंना. मला आतल्या आत हसू फुटत होतं. कसा शिवंल, तिकडं ती भाकरी थापतीय!

पण हसू अंगाशी आलं. सासू म्हणती, पटकीनं अवचित गेल्या, बाईंचा जीव सासरच्या घरात अडकलाय, दिवाळीला वलवणला जाऊन तिच्या चुलीपाशी ताट वाढायचं. मी नाना सांगितलं, ऐकंनात. लीलाला पाचवा लागलाय, तिचं मन मोडवंना.

तवा भाऊ, धनतेरशीच्या आधी झुंबरला खंडाळ्याला माहेरी लावून द्या. आई आजारी हाय म्हणा. हट्ट धरला तर दोन ठेवून द्या, माझी ना न्हाई. आन् जायच्या आधी करंज्या, अनारसे तिच्याकडूनच करून घ्या, वैनीला जमत न्हाईत. उत्तर दत्तोबा मुकादमाच्या घरी घालू नका, गोदीवर घाला.

तुमच्या मायेवर जगणारा
सोपान

वलवण
आश्विन शुद्ध पंचमी

मुकादम दत्तोबा यांचे घरी, कराची

सौभाग्यवती लीलाबाई हिला वलवणच्या झुंबरबाईचे आशीर्वाद. वि. वि. पत्र वडिलांकडून वाचून घे, मोठ्यानं. लिवणारे शाळंचे मास्तर, बोल माझे.

थोरले भाऊजी खाचरावर गेलते तवा ह्यांचं पत्र आलं. दिवाळीला येत असतील म्हणून मी मास्तरांकडं पळतच गेले. मास्तर वाचता वाचता थांबले. मी म्हटलं, वाचा पुढं.

बाई, मी मेले न्हाई. पटकी आमच्याकडं आलीच नव्हती. आई आजारी हाय सांगून मला माहेरी धाडा असं हे लिवतात. माझी आई आमच्या लग्नाआधीच गेली. तेबी ध्यानात न्हाई.

तू मला काय आवडतं इचारलंस. भाऊजींना खरवड सांगितली ती खोटी. खरवड कुणाला आवडती? माझ्यापातूर तेवढीच उरायची, आन् दिरापुढं जास्ती काय मागायचं? मला वरची दाट खीर आवडती, ऊन ऊन, पयल्या पंगतीची. ह्या घरात आल्यापासून हे इचारणारी तू पयली. म्हणून तुझ्यावर राग धरायला बसले तरी धरवंना.

माहेरी मी जाणार न्हाई. अनारशाचं पीठ घातलंय. आईला घेऊन ये, पाटावर बसवीन, पोटुशी हायस, पोटभर वाढीन. हे आले तर त्यांनाबी वाढीन.

पोटुश्या बाईला असलं लिवू नये, घास अडंल तिचा, म्हणून मास्तर मला घटकाभर समजावत होते. मी म्हटलं, लिवा. अडू दे.

लोभ ठेव म्हणत न्हाई, कसा ठेवशील.

सोपानाची
सौ. झुंबर